शाळेची बाग सुट्टीत मरते

प्रति,
सर्व मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,
तसंच ज्यांच्या ताब्यात वापराविना पडलेली एखादी मोकळी जागा आहे, त्या प्रत्येकास.

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिण्यामागे एक कुलूप आहे.

मी एका शाळेच्या बागेत स्वयंसेवक म्हणून काम करते. मोठी सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी मी त्या बागेच्या फाटकाशी उभी होते. हातात किल्ली होती, फाटकाला कुलूपही होतं, पण दोघांची ओळख नव्हती. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात सुरक्षेसाठी म्हणून आवारातली सगळी कुलपं बदलली होती. नव्या किल्ल्या कुणाकुणाला द्यायच्या याची यादी झाली, तेव्हा त्या यादीत आमचं नाव घालायचं कुणाला सुचलं नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आम्ही आठवडाभर फोन केले. ज्यांना विचारायचं ते सुट्टीवर होते आणि जे हजर होते त्यांना परवानगी देता येत नव्हती. अखेर शिपाईमामांनी फाटक उघडलं तेव्हा आत जे दिसलं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगते.

घेवड्याच्या शेंगा वाळून तडकल्या होत्या. वारा आला की आतले दाणे खुळखुळत. टोमॅटोची रोपं काठीला बांधलेल्या सुतळीवर लोंबत होती. रोप मेलं होतं आणि गाठ शाबूत होती. प्रत्येक वाफ्यापाशी मुलांनी आपापल्या नावाच्या लाकडी पट्ट्या खोचल्या होत्या. शाई उन्हाने उडाली होती, पण पेन दाबून लिहिल्याचे व्रण राहिले होते, त्यामुळे तिरप्या उजेडात नावं वाचता येत होती. सगळ्या बागेत एकच रोप हिरवंगार होतं. ते कुणी लावलेलं नव्हतं. नळाच्या बुडाशी, जिथे दिवसरात्र थेंब ठिबकतो तिथे, कुठून तरी पडलेल्या बीतून टोमॅटोचं रोप आलं होतं आणि त्याला चक्क फुलं धरली होती. तीन वर्षं आम्ही ज्या नळाची तक्रार करत होतो, तोच त्या बागेतला सगळ्यात इमानी स्वयंसेवक निघाला.

शाळेची बाग म्हटलं की तुमच्या मनात पहिल्यांदा पैसा येतो, मग जागा, मग 'आमच्याकडे जाणकार माणूस नाही' ही अडचण. माझा अनुभव वेगळा आहे. बी मिळतं. अवजारं मागितली की लोक घरातून आणून देतात. जाणकार तर मागावेही लागत नाहीत, फाटकाशी थांबून सल्ला देणाऱ्यांची रांग असते. जे बाहेरून आणता येत नाही ते फक्त तुमच्याच हातात आहे: किल्ली, पाणी, वेळापत्रकातला एक तास आणि एका कागदावर सही. पुढचं सगळं या चार गोष्टींबद्दलच आहे, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

आधी सुट्टीचं. हा प्रश्न आजचा नाही. 1864 साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संघटना काढली आणि नुकत्याच वारलेल्या श्रेबर नावाच्या डॉक्टरांचं नाव तिला दिलं. मुलांना खेळायला मोकळं मैदान असावं, एवढाच हेतू होता. पुढे 1868 मध्ये गेझेल नावाच्या शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी छोटे वाफे आखून दिले. मग व्हायचं तेच झालं. मुलांचा उत्साह ओसरला, वाफ्यांत तण माजलं आणि अखेर आईबापांनी खुरपी हातात घेतली. मुलांचे वाफे घरादाराचे वाफे झाले, त्यांना कुंपणं आली, आणि त्यातूनच शहरातल्या कुटुंबांनी छोटे भूखंड कसण्याची ती प्रथा वाढली जिच्या बागा जर्मनीत आज लाखोंच्या घरात आहेत आणि अजूनही त्या डॉक्टरांच्याच नावाने ओळखल्या जातात. गंमत अशी, की त्या डॉक्टरांनी स्वतः एकही वाफा आखला नव्हता. मला या गोष्टीत मुलांचा कंटाळा फारसा महत्त्वाचा वाटत नाही, मुलं कंटाळतातच. आईबापांना आत जाता येत होतं, ही त्यातली खरी मेख आहे. त्यांच्यासाठी फाटक उघडं होतं.

तेव्हा पहिली विनंती: बागेची किल्ली दोन बाहेरच्या माणसांकडे असू द्या, आणि कुलूप बदललं तर किल्लीही बदलून द्या. बाग आवाराच्या पोटात असेल आणि इमारत उघडी टाकणं शक्य नसेल, तर बागेला रस्त्याच्या बाजूने वेगळं फाटक काढा. जागा निवडतानाच हे पाहिलं तर खर्च नगण्य असतो. नंतर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे हिशेब कुणी करत नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हाच्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला रोज साधारण पाच मिलिमीटर लागतं. वाफा तीन मीटर लांब आणि एकशे वीस सेंटिमीटर रुंद धरा. एका वाफ्याला झाले अठरा लिटर. उद्घाटनाच्या उत्साहात तुम्ही असे दहा वाफे करता, म्हणजे रोजचे एकशे ऐंशी लिटर. दहा लिटरच्या झारीने अठरा खेपा. नळ पन्नास मीटरवर असेल तर जाऊन-येऊन एक हजार आठशे मीटर चालणं, त्यातलं निम्मं हातात दहा किलो वजन घेऊन. हे काम तुम्ही एका निवृत्त बाईंना आणि सातवीतल्या दोन मुलांना दिलेलं असतं आणि मग म्हणता, लोकांत चिकाटी उरली नाही.

नळ बागेत हवा. बागेजवळचा किंवा स्वच्छतागृहामागचा चालणार नाही. त्याची तोटी काढून कपाटात ठेवायची नाही. पाण्याची टंचाई असेल तर वाफे कमी करा, पण नळ जवळ ठेवा. बाकीच्या युक्त्या आम्ही करू. वाफ्यावर पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की माती उन्हाने भाजत नाही आणि पाणी पुष्कळ वाचतं. दोन रोपांच्या मधे बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, वर झाकण घातलं, तर माती जशी सुकेल तसं मडकं झिरपत राहतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही हीच पद्धत नोंदलेली आहे. मुलांना हे मडकं फार आवडतं. त्यात हात घालून पाणी कितपत उरलंय ते बघायला भांडणं होतात. पाणी घालायचं की नाही हे ठरवायला आम्ही त्यांना दुसरं बोट-मोजमाप शिकवलं आहे: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, टोकाला ओल लागली तर झारी खाली ठेवायची. माझा अंदाज असा, की शाळेच्या बागेत कोरडीपेक्षा अतिपाण्यानेच जास्त रोपं मरतात, कारण झारी प्रत्येकाला हवी असते आणि खुरपं कुणालाच नको असतं. सुट्टीत मात्र हिशेब उलटतो.

सुट्टी टाळता येत नाही, पण तिच्या मागून मोजता येतं. हे आम्हाला तिसऱ्या वर्षी सुचलं, आणि सुचल्यावर आधी का सुचलं नाही याची लाज वाटली. लागवडीची तारीख ऋतू बघून ठरवायची, हे खरंच. पण शाळेत तिला आणखी एक अट असते: पीक सुट्टीआधी हातात आलं पाहिजे. मुळा पंचवीस-तीस दिवसांत निघतो. पालेभाज्या महिना-दीड महिना. घेवडा पन्नास-साठ दिवस. टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिल्या फळाला दोन महिने ते ऐंशी दिवस, आणि त्यानंतर तो महिनाभर देतच राहतो, म्हणजे नेमकं मुलं नसताना. शेवटच्या सत्रात टोमॅटो लावायचा नाही, हे एवढं जरी पाळलं तरी अर्धं दुःख वाचतं. सुट्टी लागताना वाफे रिकामे झालेले असावेत. त्यांत हिरवळीच्या खतासाठी एखादं द्विदल पेरा किंवा नुसता पाचोळ्याचा जाड थर देऊन झोपवून ठेवा. एक-दोन वाफे मात्र जिवंत ठेवायचे, जेवढे दोन माणसं आठवड्यातून तीनदा येऊन सांभाळतील तेवढेच. सुट्टीतला आपला आठवडा घराघराने आधीच वाटून घ्यावा. त्या आठवड्यात वाफ्यात जे पिकेल ते त्या घराचं. हा नियम लागू केल्यापासून वहीत रिकामा आठवडा राहिलेला नाही.

आकाराबद्दल मी हट्टी आहे: दोन वाफे. पहिल्या वर्षी दोनच. मोठ्यांना एका बाजूने साठेक सेंटिमीटर हात पोचतो, म्हणून वाफा एकशे वीस सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. लहान मुलांसाठी नव्वदच ठेवा, नाहीतर ती वाफ्यात पाय ठेवतात आणि माती दबते. दिवसातून सहा तास ऊन पडेल अशी जागा हवी. आवारातली जी जागा दुसऱ्या कशालाच उपयोगी नाही ती बागेला द्यायची पद्धत आहे, आणि ती बहुधा इमारतीच्या सावलीत, राडारोड्यावर असते. इमारत जुनी असेल तर भिंतीलगतच्या मातीची आधी तपासणी करून घ्या. जुन्या रंगांत शिसं असायचं. पापुद्रे पडून ते मातीत मिसळतं आणि तिथेच राहतं. शंका असेल तर तळाला आडथर घालून बाहेरच्या चांगल्या मातीचे उंच गादीवाफे करा. हा एक खर्च मात्र टाळू नका.

खताच्या बाबतीत एक गोष्ट मला कधीच उलगडलेली नाही. आवारातली झाडं वर्षभर पानं गाळतात, ती गोळा करून तुम्ही जाळता किंवा गाडीत भरून पाठवता, आणि त्याच आठवड्यात बागेसाठी खताची पोती विकत आणता. एका कोपऱ्यात मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग करायला जागा द्या. त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. सुक्या पानांचे दोन-तीन भाग, ओल्या हिरव्या कचऱ्याचा एक, आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल. थंडीतल्या सकाळी तो ढीग उकरल्यावर वाफ निघते, आणि 'आत आग आहे का' असं विचारणाऱ्या मुलाला सूक्ष्मजीव म्हणजे काय हे सांगायला त्या दिवशी फळा लागत नाही.

आता माणसांबद्दल. पहिल्या श्रमदानाला चाळीस जण आले होते. फोटो झाले. चौथ्याला तिघे. तेव्हा मी चिडले होते, आता चिडत नाही. सगळीकडे तसंच होतं, आणि योजना करायची ती तिघांसाठीच करायची. चाळीस आले तर तो बोनस. आलेल्या माणसाला दहा मिनिटांत काम मिळालं पाहिजे आणि तासाभरात ते संपलेलं दिसलं पाहिजे. 'बागेत काय लागेल ते बघा' असं सांगितलेला माणूस परत येत नाही. 'या वाफ्यातलं तण काढायचं, फक्त या' असं सांगितलेला येतो. आम्ही फाटकाच्या आत एक वही टांगली आहे. जाणाऱ्याने काय केलं आणि काय उरलं हे दोन ओळींत लिहायचं. त्या वहीत 'मुळा काढला, तीन किडके', 'पाइपला भोक, चिकटपट्टी लावली', 'आज कुणीच नव्हतं, बसून गेले' असंही असतं. बाग कुणाच्या डोक्यात असण्यापेक्षा वहीत असलेली बरी, कारण डोकी बदली होऊन जातात. एखादी उत्साही शिक्षिका बाग उभी करते, दोन वर्षांनी दुसरीकडे जाते, आणि तिच्या मागे कुठलं बी कुठे ठेवलंय हेही कुणाला माहीत नसतं. एकखांबी तंबू वादळात नाही, बदलीच्या हुकुमाने पडतो. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा.

आमच्याकडून तुम्ही काय अपेक्षा ठेवावी, हेही लिहिते. मुलांच्या आवारात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची ओळख तपासा, नोंदवहीत सही घ्या, एकट्या स्वयंसेवकाच्या हाती मुलं सोपवू नका. यात आमचा अपमान नाही. जी शाळा हे विचारत नाही तिथे मीच थोडी बिचकते. फक्त हे सोपस्कार एकदाच करा, दर शनिवारी नव्याने नको. आणि बागेसाठी आलेल्यांना कुंपण रंगवायला, खुर्च्या लावायला, संमेलनाच्या गर्दीत उभं राहायला बोलावू नका. फुकट हात दिसले की कामं सुचतात, हे मी समजू शकते. पण मातीत हात घालायला आलेला माणूस तिसऱ्यांदा खुर्च्या लावायला येत नाही.

शिक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बाग ही विज्ञानाच्या शिक्षकावर टाकलेली आणखी एक जबाबदारी असेल, तर ती वर्षभरात सुकते, आणि दोष त्या शिक्षकाचा नसतो. वेळापत्रकात आठवड्याला एक तास द्या आणि तेवढं दुसरं काम त्यांच्या अंगावरून काढून घ्या. बागेच्या तासाला शिकणं थांबतं असं वाटत असेल तर वाफ्याचं क्षेत्रफळ, झारीच्या खेपा आणि उगवणीची टक्केवारी एकदा मुलांकडून काढून घ्या. शंभर बिया मोजून पेरल्या आणि एकाहत्तर उगवल्या, म्हणजे एकाहत्तर टक्के, हे एका मुलीने मला असं काही सुनावलं होतं जणू टक्केवारी तिनेच शोधून काढली. 1869 सालच्या ऑस्ट्रियाच्या शाळा कायद्यातही शाळेला शेतीच्या प्रयोगांसाठी जागा असावी, असं कलम होतं. तिथे सरकारला दीडशे वर्षांपूर्वी जे शिक्षण वाटलं, ते आपल्याला फावल्या वेळचा छंद वाटतं.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि इथे मी विनंती करत नाही, सांगते: तण काढणं ही शिक्षा म्हणून देऊ नका. उशिरा आला, जा बागेत. गृहपाठ नाही, जा बागेत. मी स्वतः पाहिलं आहे. मागच्या वर्षी मुळ्याची पानं कुणी खाल्ली म्हणून अळ्या शोधत बसलेला मुलगा यंदा शिक्षा म्हणून त्याच वाफ्यात पाठवला गेला. त्याने तणाबरोबर मुळेही उपटून टाकले. मी त्याला रागावले नाही.

राहिला कागद. हे शाळांपेक्षा मोकळ्या जागांच्या मालकांना अधिक लागू आहे. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी राडारोड्याने भरलेला एक कोपरा साफ करून बाग केली. पुढच्या वर्षी शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने रीतसर दिली. ती बाग आजही आहे. त्याच शहरात लोकांनी उभ्या केलेल्या शंभराहून जास्त बागांच्या जमिनी 1999 मध्ये लिलावात निघाल्या. शेवटच्या क्षणी दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. तोंडी 'करा ना, कुणी अडवलंय' यावर माणूस मुळा लावतो. फळझाड लावायला त्याला पाच वर्षांची लेखी खात्री लागते. जागा परत हवी असेल तेव्हा किती महिने आधी सांगाल, पाण्याचं बिल कुणी भरायचं, पिकलेलं कुणाचं, भांडण झालं तर कुणाकडे जायचं: एका पानात मावेल एवढंच आहे. ते पान तुम्ही लिहा. आम्ही लिहिलं तर तो अर्ज होतो आणि फाइलला लागतो.

आमच्या शाळेत सध्या दोन वाफे चालू आहेत, उरलेले आठ पाचोळ्याखाली आहेत. नव्या कुलपाची एक किल्ली मला मिळाली, दुसरी समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांकडे आहे, ज्यांना पहाटे झोप येत नाही. सुट्टीच्या आठवड्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर आखली आहे. वेळापत्रकातला तास आणि ते एक पान अजून यायचं आहे.

आपली,
बागेतली एक स्वयंसेवक

ता. क. गळक्या नळाची तक्रार अखेर मंजूर झाली आणि दुरुस्तीला माणूस येणार आहे, असं कळलं. तो येण्याच्या आदल्या दिवशी कृपया सांगा. त्याखालच्या टोमॅटोला फळं लागली आहेत, रोप हलवायला आम्हाला एक सकाळ लागेल.